कादंबरीकाराचा दिवस आणि पुस्तकाचा प्रवास

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दप्तरांतील मराठीचें पाठ्यपुस्तक हातीं घ्या, मुखपृष्ठ उलटा आणि आंतील पानावरचा बारीक अक्षरांतील मजकूर वाचा. समितीचे सदस्य, चित्रकार, अक्षरजुळणी करणारे, कागदाचा प्रकार, मुद्रक अशा अनेक नोंदींबरोबर तेथें प्रकाशकाचा पत्ता दिलेला आढळेल: पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, प्रभादेवी, मुंबई. चांद्यापासून बांद्यापर्यंत लाखों मुलांच्या पुस्तकांवर आपल्या ह्या लहानशा वस्तीचें नांव छापलें जातें, आणि आपण मात्र त्याची दखलहि घेत नाहीं. तें पान न वाचतां आपण थेट पहिल्या धड्याकडे वळतों. पुस्तक जणूं आपोआप तयार होतें, आणि लेखक नांवाचा मनुष्य आपल्याहून निराळ्या मातीचा असतो, असा समज त्यामुळेंच रूढ झाला असावा. तो समज दूर करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. गतवर्षीं सहामाही परीक्षेनंतर नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या हातांत मुलाची गणिताची वही होती. वहीच्या पहिल्या वीस पानांवर बीजगणित होतें. पुढल्या साऱ्या पानांवर मुलानें कादंबरी लिहावयास घेतली होती. "सर, ह्याला चार शब्द सुनवा," ते म्हणाले. "पुस्तकें लिहून आजवर कोणाचें पोट भरलें आहे? आणि हा लिहील तें वाचणार तरी कोण?"

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती. मीं वही ठेवून घेतली आणि आठ दिवसांची मुदत मागितली. दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि त्यांचें उत्तर मला चटकन् देतां येईना. तरुणपणीं मीं स्वतः एक कादंबरी लिहून एका प्रकाशकाकडे पाठविली होती. दोन वर्षांनीं ती परत आली. पुडक्यावर मीं बांधलेली दोरी व तिची गांठ जशीच्या तशी होती. तें कोणी उघडलेंच नव्हतें. त्यानंतर मीं कादंबरी लिहिली नाहीं. तेव्हां ह्या गृहस्थांस मीं घाईनें जें उत्तर दिलें असतें, तें माझ्या निराशेनें दिलेलें उत्तर ठरलें असतें. म्हणून त्या आठ दिवसांत मीं ह्या विषयाचा नीट विचार केला. त्याचें सार पुढें देत आहें.

प्रथम लेखकाच्या दिवसाविषयीं पाहूं. कादंबरीकार हा रिकामा मनुष्य असतो, खिडकींत बसून स्फूर्तीची वाट पाहतो आणि ती आली म्हणजे भराभर लिहितो, अशी पुष्कळांची कल्पना आहे. आपल्या भाषेंतील कादंबरीचा इतिहास ह्याच्या अगदीं उलट साक्ष देतो. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून बहुधा जिचा उल्लेख होतो ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे मिशनच्या शाळांतून शिकलेले. अध्यापन, धर्मोपदेश, नियतकालिकांचें संपादन, कोशरचना अशीं अनेक कामें त्यांनीं केलीं. हिंदु विधवांची दुःस्थिति मांडणारी ही कादंबरी त्यांनीं ह्याच उद्योगी आयुष्यांत लिहिली.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांचें उदाहरण तर ह्याहून बोलकें आहे. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था ते पाहत असत. जुन्या संस्कृत पोथ्या शोधून, शुद्ध करून छापण्याचें काम ही संस्था करी. शिवाय नगरपालिकेचें कामहि त्यांच्याकडे होतें. आणि १८९० पासून त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक चालविलें. 'पण लक्षांत कोण घेतो' ही त्यांची गाजलेली कादंबरी ह्याच साप्ताहिकांतून क्रमशः येत होती. साप्ताहिकाचा दिवस ठरलेला असतो. तो लेखकाच्या स्फूर्तीसाठीं थांबत नाहीं. आज डोकें चालत नाहीं, उद्यां लिहूं, असें म्हणण्याची सोय जेथें नाहीं, तेथें आपल्या पहिल्या थोर कादंबरीकारानें आपलें सर्वोत्तम लेखन केलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वि. स. खांडेकर हे १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोडें येथें शिक्षक होते. खेड्यांतील शाळा, तिच्या अडचणी, मुलांच्या वह्या तपासणें हें सर्व संभाळून त्यांनीं कथा व कादंबऱ्या लिहिल्या. 'ययाति' ही त्यांची कादंबरी १९५९ सालीं आली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला, तो प्रथमच एका मराठी लेखकाला. उत्तरायुष्यांत दृष्टि गेली, तरी त्यांनीं दुसऱ्यास सांगून लेखन चालूं ठेवलें. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली, तीहि अवघ्या पांच दिवसांत. परंतु ह्यावरून पुस्तक पांच दिवसांत होतें असा अर्थ घेऊं नये. आईच्या आठवणी ते वर्षानुवर्षें मनांत घोळवीत होते. लेखणी तेवढी पांच दिवस चालली.

आपल्या मुंबईचें उदाहरण पाहिजे असेल, तर अण्णा भाऊ साठे ह्यांचें घ्या. वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेला हा मुलगा वडिलांबरोबर मुंबईस आला. शाळा त्यास जवळजवळ मिळालीच नाहीं. हमाली केली, गिरणींत काम केलें. पुढें घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टींत राहून कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या 'फकिरा' (१९५९) ह्या कादंबरीस १९६१ सालीं राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें. स्त्रियांस तर ह्याहून मोठा अडथळा ओलांडावा लागला. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) लग्नानंतर लिहावाचावयास शिकल्या, आणि तें शिकणें घरांतील वडीलधाऱ्यांस रुचत नव्हतें. तरीहि मराठींतील आरंभीच्या स्त्री-कादंबरीकारांत त्यांचें नांव प्रथम घेतलें जातें.

ह्या मंडळींत संपत्ति, विद्या, जात, धर्म ह्यांपैकीं कांहींच समान नाहीं. समान आहे ती एकच गोष्ट: पोटाचा उद्योग संभाळून त्यांनीं लेखनाचा वेळ राखला. आजचा बहुसंख्य मराठी कादंबरीकारहि असाच जगतो. कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेंत, कोणी वर्तमानपत्राच्या कचेरींत. आपल्या भागांतील दहा बाय बाराच्या खोलींत राहणारा असा एखादा लेखक डोळ्यांसमोर आणा. नळाला पाणी येण्यापूर्वीं तो उठतो, कारण एकदां पाणी आलें कीं घरांत शांतता उरत नाहीं. ओट्याजवळचा दिवा लावून तासभर लिहितो. रोज तीनशें शब्द, म्हणजे तुमच्या वहीचीं सुमारें दोन पानें. वर्षांतून तीनशें दिवस हा नेम चालला, तर नव्वद हजार शब्द होतात. मध्यम आकाराच्या कादंबरीस एवढे शब्द पुरून उरतात.

पण हें झालें कच्चें लेखन. खरें काम पुढेंच असतें. लिहिलेलें कांहीं दिवस बाजूस ठेवून तो पुन्हां वाचतो, आणि नव्वद हजारांतील तीस हजार शब्द काढून टाकतो. दोन पात्रें एकाच रीतीनें बोलतात, हें त्याच्या आतां ध्यानीं येतें. पहिल्या प्रकरणांत विधुर असलेला मनुष्य दहाव्या प्रकरणांत बायकोशीं भांडतो, हेंहि दिसतें. मग पुन्हां लेखन, पुन्हां वाचन. एक कादंबरी तीन-तीन चार-चार वेळां लिहिणें ही लेखकांच्या जगांत नवलाची गोष्ट नव्हे.

उरलेल्या दिवसांतहि तो लेखक असतोच. गाडींतून जातांना शेजारच्या दोघांचें बोलणें कानीं पडतें, त्यांतला एखादा शब्द तो टिपून ठेवतो. बाजारांत घासाघीस कशी चालते, रुग्णालयाच्या बाकावर माणसें कशी बसतात, हें पाहतो. आणि पुष्कळ वाचतो. जो वाचीत नाहीं त्याला लिहितां येत नाहीं. ह्या नियमास अपवाद मला तरी आढळला नाहीं.

आतां हस्तलिखित पुरें झालें असें समजूं. तें प्रकाशकाकडे जातें. प्रकाशक तें स्वतः वाचतो किंवा एखाद्या जाणत्या वाचकाकडून अभिप्राय मागवितो. पसंत पडल्यास संपादक लेखकाबरोबर बसून त्यावर काम करतो: येथें कथा रेंगाळते, हें प्रकरण आधीं घ्यावें, हा शेवट पटत नाहीं. लेखकाच्या अभिमानास हें झोंबतें. परंतु चांगला संपादक हा पुस्तकाचा पहिला कठोर मित्र असतो. 'सत्यकथा' हें मासिक (१९३३–१९८२) मराठी कथेच्या इतिहासांत महत्त्वाचें मानलें जातें, त्याचें एक कारण त्याच्या संपादकांची ही साक्षेपी दृष्टि होय.

नंतर अक्षरजुळणी. पूर्वीं हें काम शिशाच्या खिळ्यांनीं होत असे. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बसवी, आणि तीहि उलट्या अक्षरांत. मुंबईंत ह्या कलेचा पाया घालण्यांत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचा मोठा वांटा आहे. ह्याच छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेले जावजी दादाजी पुढें अक्षरांचे सांचे करण्यांत इतके निष्णात झाले कीं, १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. त्यांच्या सुबक देवनागरी टंकाची कीर्ति देशभर पसरली. कादंबरी लेखक लिहितो हें खरें. पण शंभर वर्षें ती वाचकाच्या डोळ्यांपर्यंत नेली ती अशा कारागिरांनीं, आणि त्यांतील बहुतेकांचें नांव कोणत्याहि पुस्तकावर नाहीं. आज ही जुळणी संगणकावर होते, खिळे दिसेनासे झाले आहेत. मुद्रितें तपासण्याचें काम मात्र अजून माणसाच्या डोळ्यांचेंच आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका वेलांटीनें वाक्याचा अर्थ फिरतो. शुद्धलेखनाच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

मुखपृष्ठ, छपाई, बांधणी झाली, आणि पुस्तकास तेरा आंकडी जागतिक क्रमांक मिळाला. भारतांतील पुस्तकांचा हा क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ह्या आंकड्यांनीं सुरू होतो. घरीं एखाद्या नव्या पुस्तकाच्या पाठीवर पाहा. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक प्रकाशकानें नव्या पुस्तकाच्या प्रती तीस दिवसांच्या आंत चार मोठ्या ग्रंथालयांस स्वखर्चानें पाठवावयाच्या असतात. कोलकात्याचें राष्ट्रीय ग्रंथालय त्यांतील मुख्य. मुंबईसहि त्यांतील एक प्रत येते. म्हणजे अगदीं अप्रसिद्ध लेखकाचें पुस्तकहि देशानें जपून ठेवावें, अशी ही तरतूद आहे.

येथें पालकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊं. पोट भरतें काय? हिशेब उदाहरणानेंच स्पष्ट होईल. समजा, एका कादंबरीची किंमत तीनशें रुपये आहे. तींतून विक्रेता व वितरक ह्यांची सूट शेंकडा चाळीस धरली, तर एकशें वीस रुपये गेले. उरलेल्या एकशें ऐंशी रुपयांत कागद, छपाई, बांधणी, वाहतूक, गुदामाचें भाडें, न खपलेल्या प्रतींचा तोटा आणि प्रकाशकाचा चरितार्थ भागवावयाचा. त्यांतच लेखकाचें मानधन. तें किंमतीच्या शेंकडा दहा धरलें, तर प्रतीमागें तीस रुपये. मराठींत हजार प्रतींची आवृत्ति सर्वसाधारण समजली जाते. सर्व हजार प्रती खपल्या, तर तीस हजार रुपये झाले. कादंबरीस तीन वर्षें लागलीं असतील, तर दरमहा साडेआठशें रुपयेहि पडत नाहींत. आणि हजार प्रती एका वर्षांत संपतीलच असें नाहीं.

तेव्हां मुलांस खोटी आशा दाखवूं नये. केवळ कादंबरीवर संसार चालविणारे मराठी लेखक फार थोडे. परंतु ह्याच हिशेबाची दुसरी बाजूहि आहे. लेखकास कारखाना उभारावा लागत नाहीं, भांडवल लागत नाहीं. वही, लेखणी आणि राखलेला एक तास एवढेंच लागतें. शिवाय १९५७ च्या कायद्यानें लेखनावरील स्वामित्व लेखकाच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें राहतें. चांगलें पुस्तक हें झाडासारखें असतें. फळ उशिरां येतें, परंतु लावणाऱ्याच्या मागेंहि येत राहतें.

दुसरा प्रश्न, वाचणार कोण, हा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुस्तक छापून झालें म्हणजे काम संपलें असें नव्हे. गुदामांत पडलेलें पुस्तक हें बंद पाकिटांतील पत्रासारखें आहे. तें वाचकापर्यंत नेण्यासाठीं आपल्या महाराष्ट्रानें आजवर किती वाटा शोधल्या, तें पाहण्यासारखें आहे.

पहिली वाट नियतकालिकांची. 'करमणुकी'चा वाचक एक अंक विकत घेई आणि कादंबरीचें एक प्रकरण वाची. अख्खें पुस्तक घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतहि अशा रीतीनें कादंबरी पोंचली. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन' मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून फराळाबरोबर कथा-कादंबरी वाचण्याची जी प्रथा पडली, ती आजतागायत चालूं आहे. पुष्कळ नव्या लेखकांचें नांव वाचकांनीं प्रथम वाचलें तें दिवाळी अंकांतच.

दुसरी वाट ग्रंथालयांची. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालें आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीं. वर्गणी थोडी, पुस्तकें पुष्कळ, अशी ही सोय. ग्रंथालयांतील कादंबरीची एक प्रत पन्नास-साठ घरीं जाऊन येते. मराठी प्रकाशकाच्या आवृत्तींतील बराच भाग गांवोगांवचीं ग्रंथालयेंच घेतात. म्हणून ग्रंथालयाचें अनुदान थकलें, कीं त्याची झळ लेखकाच्या घरापर्यंत पोंचते.

तिसरी वाट वाचकांनींच काढली. १९७४-७५ च्या सुमारास मुंबईंतील कांहीं पत्रकार व पुस्तकप्रेमी मंडळींनीं 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ सुरू केली. सभासदांनीं आगाऊ पैसे भरावयाचे, आणि पुस्तकें त्यांस कमी किंमतींत मिळावयाचीं. वाचक आधींच ठरलेला असल्यामुळें, इतरांस जें छापण्याचा धीर झाला नसता तें छापणें शक्य झालें. दया पवार ह्यांचें 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने ह्यांचें 'उपरा' (१९८०) हीं आत्मकथनें ह्याच मार्गानें लोकांपुढें आलीं, आणि ज्यांचें जिणें पुस्तकांत कधींच आलें नव्हतें त्यांचा आवाज घरोघरीं पोंचला.

चौथी वाट पाहावयास तुम्हांस गाडीभाडेंहि लागणार नाहीं. दरवर्षीं ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनीं चैत्यभूमीवर लक्षावधि लोक येतात. शेजारीं शिवाजी पार्कवर त्या दिवसांत पुस्तकांचीं दुकानें ओळीनें मांडलेलीं असतात. दूरच्या खेड्यांतून आलेलीं, पायांत धड वाहणा नसलेलीं माणसें तेथें उभीं राहून पुस्तक चाळतात, किंमत विचारतात, कनवटीचे पैसे मोजतात आणि पिशवींत भाकरीशेजारीं पुस्तक ठेवतात. गरीब मनुष्य पुस्तकें विकत घेत नाहीं, असें म्हणणाऱ्यानें एकदां ह्या मैदानांतून फिरून यावें. मीं दोन वर्षें विद्यार्थ्यांस तेथें नेलें. तेथें पाहिलेलें त्यांस वर्गांतील कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अधिक काळ स्मरेल.

नवोदितांसाठींहि एक दार आहे, आणि तें आपल्या प्रभादेवींतच आहे. १९६० सालीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा पत्ता येथल्या सयानी मार्गावरचा. ज्यांचें एकहि पुस्तक निघालेलें नाहीं अशा लेखकांचें हस्तलिखित तपासून, पसंत पडल्यास प्रकाशनासाठीं अनुदान देण्याची योजना मंडळानें चालविलेली आहे. माझ्या तरुणपणीं मला ह्याची माहिती असती, तर ती दोरी मीं एकदां तरी पुन्हां सोडली असती.

आज ह्या वाटांत आणखी भर पडली आहे. मागणी येईल तशा दहा-वीस प्रतीहि छापतां येतात. पुस्तक दूरध्वनीच्या पडद्यावर वाचतां येतें, कानांनीं ऐकतांहि येतें. लेखक स्वतः वाचकास कळवूं शकतो. परंतु ह्या सोयींबरोबर एक वाईट चालहि शिरली आहे. कोणी पुस्तकाच्या सर्व पानांची नक्कल करून ती फुकट धाडतो, आणि घेणाऱ्यास त्यांत कांहीं गैर वाटत नाहीं. मुलांनो, वरील तीस रुपयांचा हिशेब आठवा. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा पाडणें चोरी आहे हें तुम्ही जाणतां. तीन वर्षें पहांटे उठून लिहिलेल्या पुस्तकाचें मोल त्या आंब्याहून कमी कसें? पैसे नसतील, तर ग्रंथालयांत जा. तो मार्ग प्रामाणिक आहे, आणि लेखकाचेंहि त्यांत हित आहे.

आतां त्या वहीची हकीकत पुरी करतों. आठ दिवसांनीं ते गृहस्थ आले, तेव्हां मीं त्यांस वरील सर्व सांगितलें. मानधनाचा हिशेबहि लपविला नाहीं. मग एवढेंच म्हटलें, "ही वही घरीं न्या आणि रागावण्यापूर्वीं एकदां वाचा. वाचणार कोण, असें आपण विचारलेंत. पहिला वाचक घरांत मिळाला, तर बाहेरचे मिळण्याची आशा." त्यांनीं मान हलविली. त्यांस तें फारसें पटलेलें दिसलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं मुलगाच वही घेऊन आला. वडिलांनीं ती वाचली नव्हती. त्यांना रात्रपाळी होती. वाचून घेतली होती आजोबांनीं. आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या साचेखात्यांत होते. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांनीं नातवाकडून चार संध्याकाळीं सारी कादंबरी मोठ्यानें वाचवून घेतली. ती होती एका गिरणी कामगाराची गोष्ट. मुलानें लिहिलें होतें कीं, दुसरी पाळी रात्रीं दहा वाजतां सुटली. तेथें पेन्सिलीनें थरथरत्या अक्षरांत लिहिलेलें होतें: "बारा." पुढें एका प्रकरणांत दोन मित्र साच्यांजवळ उभे राहून चार पानें गप्पा मारतात. त्या पानांवर आडवी रेघ होती, आणि खालीं लिहिलें होतें: "साचे चालूं असतां शेजारच्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. आम्ही खुणांनीं बोलत असूं."

"सर, आतां हें सगळें प्रकरण पुन्हां लिहावें लागणार," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला नव्हता. त्या खुणा कोणत्या, हें तो आजोबांकडून शिकत होता. वडिलांनीं त्याला दोनशें पानी नवी वही आणून दिली होती, आणि एकच अट घातली होती: गणिताच्या वहींत गणितच असावें. ही अट मलाहि मान्य आहे.

पालकहो, आपल्या घरांत कोणी मूल असें कांहीं लिहीत असेल, तर त्याच्या नोकरीची व अभ्यासाची काळजी अवश्य करा. ती आपण न करावी तर कोणी करावी? पण त्याबरोबर त्याची वही एकदां वाचा, आणि चूक दिसेल तेथें पेन्सिलीनें खूण करा. माझें पुडकें ज्यानें उघडलें नाहीं, त्यानें मला नकारहि दिला नव्हता; केवळ वाचलें नाहीं, आणि मन खचावयास तेवढें पुरलें. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळीं नवें पुस्तक हातीं आलें म्हणजे पहिल्या धड्यापूर्वीं तें बारीक अक्षरांचें पान वाचा. त्यावरील प्रत्येक नांवामागें कोणाचा तरी पहांटेचा एक तास आहे.